वेदनाशमनाची नियमित मात्रा : परिचारिकांमधून झालेला प्रसार

असाध्य कर्करोगाच्या रुग्णास मॉर्फीन तोंडावाटे, ठरावीक अंतराने व वेदना पुन्हा उठण्यापूर्वीच देणे ही उपशामक परिचर्येतील आज सर्वमान्य असलेली पद्धत आहे. ती रुळण्यास काही दशके लागली.

पूर्वी रुग्ण कळवळून मागू लागला म्हणजे, तेही हात आखडून, इंजेक्शन दिले जाई. व्यसन जडेल ही भीती मोठी होती. मरणासन्न माणसाबाबत ती बाळगणे आज क्रूर वाटते. लंडनच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात मात्र नियमित मात्रा देण्याचा प्रघात होता. सिसिली साँडर्स (१९१८–२००५) मूळच्या परिचारिका. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटले. पुढे १९५७ साली त्या डॉक्टर झाल्या. सेंट ल्यूक्समध्ये स्वयंसेविका असताना पाहिलेली ही रीत त्यांनी १९५८ पासून हॅकनी येथील सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये आयरिश धर्मभगिनींच्या साहाय्याने राबविली. भगिनींची सेवावृत्ती जुनीच होती. भर पडली ती घड्याळाची आणि नोंदवहीची. मात्रा किती वेळ पुरली, हे खाटेशी असणारी परिचारिकाच सांगू शकत असे.

१९६७ साली साँडर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. येल विद्यापीठाच्या परिचर्या विद्यालयाच्या प्रमुख फ्लॉरेन्स वॉल्ड यांनी त्यांचे व्याख्यान १९६३ साली ऐकले होते. पद सोडून त्या लंडनला काम शिकण्यास गेल्या आणि १९७४ साली कनेक्टिकटमध्ये अमेरिकेतील पहिले हॉस्पिस सुरू झाले.

भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ साली वांद्रे येथे डॉ. एल. जे. डिसोझा यांनी स्थापन केले. जागतिक आरोग्य संघटनेची वेदनाशमनाची तीन पायऱ्यांची पद्धत त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे परवाने इतके किचकट झाले, की कायदेशीर अफू पिकविणाऱ्या या देशातच रुग्णांना मॉर्फीन मिळेना. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत केले, तरी अनेक जिल्ह्यांत ते आजही सहज मिळत नाही. केरळात १९९३ नंतर कोझिकोडहून ही सेवा पसरली. तेथे परिचारिका घरोघर जातात.

घरच्यांना शिकविण्याचे कामही त्यांचेच. मॉर्फीनने बद्धकोष्ठता बहुधा होतेच. सोबत रेचक दिले नाही, तर त्रासाला कंटाळून घरचे लोक मॉर्फीनच बंद करतात आणि वेदना परत येते.