हाडांची साक्ष

चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ हे गाव आहे. तिथल्या पांढरीत म. न. देशपांडे यांनी उत्खनन केले. 1956-57 मध्ये समोरच्या तीरावर, टेकवाडे येथे, ताम्रपाषाण काळातली दफने सापडली. आम्ही खानदेशी मुसलमान ज्या मातीत आपल्या मयतांना ठेवतो, त्याच मातीत तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरीही निजले आहेत.

त्या काळी तापीच्या खोऱ्यात जोर्वे संस्कृतीची गावे नांदत होती. इ.स.पू. 1000 च्या सुमारास ती ओस पडली. पाऊस हटला म्हणून, असे डॉ. म. के. ढवळीकर यांचे म्हणणे होते. त्यांचा मुख्य आधार पुणे जिल्ह्यातले इनामगाव. तिथे 1968 पासून सांकळिया, ढवळीकर आणि आपले झेड. डी. अन्सारी यांनी अनेक हंगाम खोदकाम केले. इनामगावची माणसे मात्र इ.स.पू. 700 पर्यंत टिकून राहिली. पण त्यांची प्रशस्त चौकोनी घरे गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटली, शिकार वाढली.

या घरांच्या जमिनीखाली मुलांची दफने आहेत. दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत बाळ ठेवलेले. दात घडत असताना मूल आजारी पडले किंवा उपाशी राहिले, तर दातावर आडवी रेघ उमटते आणि ती पुसली जात नाही. जॉन ल्युकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी हे दात अभ्यासले. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांची हाडे मोजली. त्यांचा ग्रंथ 2011 मध्ये आला. शेवटच्या काळातली मुले अधिक खुरटलेली होती, पण इथले हवामान आधीपासूनच निमकोरडे होते. तेव्हा सगळा दोष दुष्काळावर टाकता येत नाही, असे त्या सांगतात.

आम्हाला हा वाद आजचाच वाटतो. आमच्याकडची कुटुंबे ऊसतोडीला निघतात तेव्हा आपणही आभाळाकडे बोट दाखवून मोकळे होतो. इनामगावच्या भरभराटीच्या काळात गावप्रमुखाच्या पाच खोल्यांच्या घराशेजारी धान्याचे कोठार होते. पाऊस किती पडला, हे इतिहासकाराने जरूर विचारावे. पण कोठारातले धान्य कोणाच्या ताटात पडले, हेही त्याने विचारावे. बखरीत त्या पोरांचे नाव नाही. त्यांची साक्ष त्यांच्या हाडांनीच दिली आहे.