दुग्धप्रक्रियेतील नियंत्रणमुक्ती : १९९१ ते २००२

'नियंत्रणमुक्ती' हा शब्द एकाच क्षणी घडलेल्या कृतीचा भास निर्माण करतो. भारतीय दुग्धप्रक्रियेचा इतिहास मात्र निराळे सांगतो. जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने या व्यवसायातील परवानापद्धती संपुष्टात आणली; पण ९ जून १९९२ रोजी जीवनावश्यक वस्तू कायद्यान्वये 'दूध व दुग्धपदार्थ आदेश' निघाला. दररोज १०,००० लिटरांहून अधिक दूध हाताळणाऱ्या संयंत्रांना नोंदणी आवश्यक झाली आणि नोंदणीबरोबर संकलनक्षेत्रही नेमून दिले जाऊ लागले.

या मर्यादेमागे एक युक्तिवाद होता. सहकारी संघाने पशुवैद्यकीय सेवा व कृत्रिम रेतन यांवर खर्च करावा आणि दूध मात्र दुसऱ्याने उचलावे, असे होऊ लागल्यास तो खर्च कोण करील? उलटपक्षी, एकच ग्राहक असलेल्या उत्पादकास भावाविषयी बोलण्यास जागा उरत नाही. मार्च २००२ च्या दुरुस्तीने क्षेत्राचे बंधन उठले. स्वच्छता व गुणवत्ता यांविषयीचे राहिले.

संयंत्राची क्षमता जितकी अधिक वापरली जाते, तितका दर लिटरमागील स्थिर खर्च घटतो. कृशकाळात अनेक संयंत्रे त्याच दुधासाठी स्पर्धा करू लागली, की उत्पादकास भाव मिळतो, परंतु संयंत्रे अर्धवट चालतात. सारांश, उत्पादकाचा लाभ आणि संयंत्राची कार्यक्षमता या एकच गोष्टी नव्हेत. २००२ नंतरची दुग्धोत्पादनातील वाढ नियंत्रणमुक्तीच्या खाती जमा करण्यापूर्वी अभ्यासकाने हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे.