घसारा

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला घसारा शिकवला. यंत्र वापरलं की झिजतं, झिजलं की पुस्तकातली त्याची किंमत दरवर्षी थोडी थोडी खाली आणायची, एवढाच तो मामला. सरांनी फळ्यावर दोन पद्धती लिहून दिल्या. तिसरी आमच्या घरी चालू होती. दर रविवारी सकाळी सात ते साडेनऊ आमचे अण्णा जुना बनियन हाताला गुंडाळून फियाट घासत असत.

फियाट हे तिचं घरातलं नाव. आर.सी. बुकात ती प्रीमियर पद्मिनी, १९८६ सालची, कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, रंग आकाशी. अण्णांनी ती १९९४ साली सेकंडहँड घेतली. आमच्या घराण्याने त्या गाडीत बसून जेवढा वेळ काढला, त्याच्या तिप्पट तिच्याभोवती फिरून काढला असेल. घासून झालं की अण्णा बनियन उलगडून सोसायटीतल्या लोकांना दाखवायचे, "बघा, आठवड्याचा मळ!" तो मळ आकाशी असायचा. मळ आकाशी का, हे विचारण्याइतका मी धीट नव्हतो. आमच्याकडे अण्णांना प्रश्न फक्त आई विचारायची, आणि तिचा प्रश्न ठरलेला होता : "पितळेची भांडी पण घासायची आहेत, येताय का?"

त्या आकाशी मळाचं उत्तर शोधायला मला पंचेचाळिशी गाठावी लागली आणि बँकेच्या काउंटरवरून थेट अमेरिकेत जावं लागलं. (गेलो पुस्तकांतून. आमचा एल.टी.सी. तिथवर पोचत नाही.)

मोटार जन्मली ती घोडागाडीच्या घरात, तेव्हा तिच्यावर रंगाचे संस्कार झाले ते बग्गीचे. तेलात कालवलेला रंग ब्रशने लावायचा, वाळू द्यायचा, प्यूमिस दगडाच्या भुकटीने घासायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा घासायचा, वरून व्हार्निशचे हात. एक गाडी रंगवायला आठवडेच्या आठवडे जात. आणि एवढं करून बग्गी तबेल्यात ठेवायची सोय नाही! घोड्यांच्या मुतातल्या अमोनियाने व्हार्निश खराब व्हायचं, म्हणून जाणकार मालक बग्गीची खोली तबेल्यापासून वेगळी बांधत. पार्किंगचा प्रश्न मोटारीपेक्षा जुना आहे तो असा.

१९१३ साली हेन्री फोर्डने डेट्रॉइटच्या अंगणात, हायलंड पार्कला, सरकत्या जुळणीची पद्धत सुरू केली. साडेबारा तासांत जुळणारी चासी वर्षभरात दीड तासात जुळू लागली. रंगाला मात्र फोर्डसाहेब कोण हे माहीत नव्हतं. तो आपल्या सवडीने वाळणार. शेवटी साहेबांनी १९१४ ते १९२५ मॉडेल टी फक्त काळ्या रंगात काढली. लोकांना वाटतं, त्यांना काळ्याची आवड असावी. तसं काही नाही. १९०८ साली हीच गाडी हिरवी, तांबडी, करडी मिळत होती. काळं इनॅमल स्वस्त, टिकाऊ आणि भट्टीत झटपट वाळणारं, एवढंच त्यातलं सौंदर्य. आमच्या हेड ऑफिसने सगळ्या शाखांना एकाच रंगाचे पडदे पाठवले, त्यामागेही असाच काहीतरी सौंदर्यविचार असावा.

पलीकडे जनरल मोटर्समध्ये चार्ल्स केटरिंग नावाचे गृहस्थ होते. मोटारीला हँडल मारून हात मोडून घेणाऱ्यांवर ज्यांनी सेल्फ-स्टार्टर देऊन उपकार केले, तेच हे. त्यांची अशी गोष्ट सांगतात की, त्यांनी रंगवाल्यांना विचारलं, गाडी रंगवायला किती वेळ लागला पाहिजे? रंगवाले म्हणाले, महिना. केटरिंग म्हणाले, तास बरा. पुढे एका रंगवाल्याला त्यांनी जेवायला नेलं, बोलता बोलता कुठला रंग आवडतो ते काढून घेतलं. जेवून दोघं बाहेर येतात तो त्या गृहस्थाला आपली गाडी सापडेना! जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्या आवडीच्या रंगात रंगवून वाळवूनसुद्धा झाली होती. गोष्ट थोडी रंगवून सांगितलेली असणार. विषयच रंगाचा.

पण त्या गोष्टीतला रंग खरा. ड्यूपॉन्ट कंपनीचा तो ड्यूको. आपले सुतार कपाटाला 'ड्युको मारू का?' विचारतात, त्या शब्दाचा हा मूळपुरुष. पहिल्या महायुद्धात तोफांना लागणारी बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची. दादासाहेब फाळक्यांच्या काळची सिनेमाची फिल्म नायट्रोसेल्युलोजची. युद्ध थांबलं, तोफांची भूक भागली, आणि उरलेल्या विद्येतून हा झटपट वाळणारा रंग निघाला. १९२३ साली ऑकलंड नावाच्या गाडीवर तो प्रथम चढला. रंग निळा. आठवड्यांचं काम तासांवर आलं, आणि मोटारी इंद्रधनुष्यातले सगळे रंग नेसू लागल्या.

इथे एक मेख होती. ड्यूको वाळायचा झटकन, पण वाळला की दिसायचा मठ्ठ. घासल्याशिवाय चमकायचा नाही. कारखाना एकदा घासून देई. मग वर्षा-दोन वर्षांत उन्हाने तो पुन्हा विटे, तेव्हा घासणार कोण? मालक. म्हणजे कारखान्याने जे आठवडे वाचवले, ते गुपचूप मालकांच्या रविवारांच्या खात्यात नावे पडले. आम्ही बँकवाले हिशेबातली ही चलाखी लांबून ओळखतो.

या रविवारांवर मोठमोठे धंदे उभे राहिले. शिकागोत १९१० पासून सायमनाइझ नावाचं मेण होतंच. ते इतकं चाललं की अमेरिकन इंग्रजीत 'गाडी सायमनाइझ करणे' असं क्रियापदच झालं. त्याच गावात १९४१ साली बेन हर्श नावाच्या माणसाने घरच्या बाथटबमध्ये पॉलिश घोटायला सुरुवात केली. त्याची विक्रीकला ऐकण्यासारखी. बेसबॉलचा सामना चालू असताना मैदानाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांचं फक्त एकेक मडगार्ड तो चमकवून ठेवायचा आणि मालक परत येण्याची वाट बघत थांबायचा. उरलेली गाडी त्या मडगार्डापुढे इतकी भिकार दिसायची की मालकाचा हात आपोआप खिशाकडे जाई. तेच पॉलिश पुढे टर्टल वॅक्स म्हणून जगभर गेलं.

आणि मेण कुठलं, तर ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कार्नाउबा ताडाचं. तिथल्या कोरड्या हवेत आतलं पाणी उडू नये म्हणून ते झाड पानांवर मेण धरतं. पानं तोडून वाळवायची, झोडपायची, की मेणाची पूड पडते. हे मेण ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही, त्यामुळे उन्हात तापलेल्या टपावरही टिकतं. औषधाच्या गोळ्या आणि चॉकलेटची बटणं चमकतात ती याच मेणाने. अमेरिकेत जॉन्सन मेणवाल्यांचे मालक १९३५ साली या झाडाच्या शोधात पाण्यावर उतरणारं विमान घेऊन विस्कॉन्सिनहून ब्राझीलला गेले. १९९८ साली त्यांच्या मुलाने तशाच विमानाची प्रतिकृती बनवून, स्वतःच्या दोन मुलांना बरोबर घेऊन, बापाच्या मार्गाने पुन्हा तोच प्रवास केला. माझ्यापाशी विमान नव्हतं. अण्णांची पॉलिशची डबी होती. मी तिच्यावरचा मजकूर भिंगातून वाचला.

मेण आणि पॉलिश यांतला फरक मला तेव्हा कळला. मेण वर बसतं. ऊन-पाऊस आधी स्वतः खातं आणि काही आठवड्यांत संपतं. थोडक्यात विम्याचा हप्ता : भरत राहायचा. पॉलिशचं तसं नाही. पॉलिशमध्ये बारीक कचकच असते. रंगाचा वरचा थर उन्हाने मरतो, त्यातलं बांधून ठेवणारं द्रव्य जातं आणि नुसती भुकटी उरते, खडूसारखी. पॉलिश ही मेलेली भुकटी खरवडून खालचा ताजा थर उघडा करतं. तो सपाट असतो, म्हणून उजेड सरळ परत फिरतो आणि आपण म्हणतो, वा, काय चमक आहे! चमक डबीतून येतच नाही. ती गाडीतूनच काढलेली असते.

अण्णांचा आकाशी मळ म्हणजे आमच्या गाडीचा रंग होता. हल्लीच्या गाड्यांना रंगावर वेगळा पारदर्शक थर असतो, त्यामुळे घासलं तरी फडकं रंगत नाही आणि पाप दिसत नाही. पद्मिनीला तसला बुरखा नव्हता. भांडवलातून लाभांश वाटायला कंपनी कायद्याची मनाई आहे. अण्णांनी तो तीस वर्षं दर रविवारी वाटला.

एवढं सगळं कळूनही गेल्या दिवाळीत मी काय करावं? अण्णांचे गुडघे संपावर गेले होते आणि गाडी पांढुरकी दिसत होती. एका वर्कशॉपने सिरॅमिक कोटिंगचा जो आकडा सांगितला, तो गाडीच्या बाजारभावाच्या निम्मा होता. म्हटलं, अण्णांना जरा १९९४ सालची गाडी दाखवू. रबिंग कंपाउंड आणलं आणि मागच्या मडगार्डाच्या त्या पंखासारख्या कडेवर जोर लावला. कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो, हे मी महिन्यापूर्वीच वाचलं होतं. दहा मिनिटांत रुपयाएवढा तांबूस अस्तराचा डाग वर आला.

अण्णा काठी टेकत खाली आले. चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. माझ्या घशाला कोरड पडली. चौथीत त्यांच्या पेनाची निब मोडली होती, त्यानंतर थेट आत्ताच.

"सगळा मळ निघाला वाटतं," ते म्हणाले.

"अण्णा, मी जरा जास्तच..."

"अरे, तीस वर्षं मीच काढत होतो. तुझ्या हाताला फक्त शेवटचा हप्ता लागला." म्हणजे त्यांना माहीत होतं! कधीपासून, ते मी विचारलं नाही.

"पुन्हा रंगवून घेऊ या का?"

"त्याला आधीचा सगळा खरवडून काढतील ना?"

"पार पत्र्यापर्यंत."

"मग नको."

त्यांनी प्लास्टिकचं स्टूल मागवलं, मेणाची डबी मागवली आणि बोटावर थोडंसं घेऊन त्या तांबूस डागावर, मलम लावावं तसं, गोल गोल फिरवलं. मग सवयीने बनियन हाताला गुंडाळून वरून पुसलं आणि उलगडून पाहिलं. बनियन पांढराच होता. अण्णांनी तो दोन्ही बाजूंनी उजेडाकडे धरून तपासला.

"मेणात काही दम नाही," ते म्हणाले.