बेरी ६ - डर्बी ०

१८ मे २०१९, शनिवार, रात्रीचे साडेनऊ. बीईचं शेवटचं सबमिशन डोक्यावर होतं, जर्नलवर अर्ध्याच सह्या झाल्या होत्या आणि आम्ही चौघे कोथरूडच्या फ्लॅटवर लॅपटॉपसमोर मॅच लावून बसलेलो. एफ. ए. कपची फायनल, मँचेस्टर सिटी विरुद्ध वॉटफर्ड. तिसरा गोल झाल्यावर एक जण अंडाभुर्जी आणायला खाली गेला, तो परत आला तेव्हा चौथा झालेला. "काय चुकलं का माझं?" "काही नाही रे, खा." संपली तेव्हा ६-०.

शेवटी कॉमेंटेटर म्हणाला की एफ. ए. कपच्या फायनलमध्ये एवढ्या फरकाने या आधी एकदाच कुणी जिंकलं होतं. १९०३ साली. बेरीने डर्बी काउंटीला हरवलं होतं. झालं, सबमिशन राहिलं बाजूला. रात्री दोन वाजेपर्यंत मी १९०३ साल खोदत बसलो, आणि तेव्हापासून ही गोष्ट माझा पिच्छा सोडत नाहीये. त्यामुळे आजचा शनिवार बेरीच्या नावाने.

(आधी नावाचं बघू. स्पेलिंग बघून मी कित्येक दिवस 'बरी' म्हणत होतो. तिथले बरेच लोक 'बेरी' म्हणतात. तूप कढवल्यावर तळाशी राहते ती बेरी. साखर घालून खायची ती. एकदा हे डोक्यात बसलं की विसरत नाही.)

बेरी म्हणजे मँचेस्टरच्या उत्तरेला जेमतेम पंधरा किलोमीटरवरचं गिरण्यांचं गाव. तुम्ही मराठी माध्यमात शिकला असाल तर हे गाव तुम्हाला नकळत माहीत आहे. इतिहासाच्या पुस्तकात औद्योगिक क्रांतीचा धडा होता, त्यात 'धावता धोटा - जॉन के - १७३३' अशी एक ओळ जोड्या लावण्यासाठी हमखास यायची. तो जॉन के याच बेरीजवळचा. असल्या गावात १८८५ साली फुटबॉल क्लब निघाला, आणि 'गिग लेन' हे त्याचं मैदानही त्याच वर्षापासूनचं. १८९४ मध्ये क्लब लीगमध्ये आला, वर्षभरात वरच्या डिव्हिजनमध्ये पोचला.

एफ. ए. कप हा लीगपेक्षा वेगळा प्रकार. आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडासारखा. लहान-मोठे सगळे उतरू शकतात, हरला तो घरी. १८७१-७२ पासून चालू आहे. पहिल्या फायनलमध्ये 'रॉयल इंजिनियर्स' नावाची लष्करातल्या इंजिनियर लोकांची टीम होती आणि ती १-० ने हरली. आपल्या जमातीची परंपरा जुनी आहे म्हणायची. असो.

तर १९०३. बेरीने त्या वर्षी पहिल्या फेरीत वुल्व्हजला १-० हरवलं. मग शेफील्ड युनायटेडला १-०. मग नॉट्स काउंटीला १-०. म्हणजे काही वादळबिदळ नव्हतं, एकेक गोल करायचा आणि दार लावून घ्यायचं असा हिशेब. सेमीफायनलला मात्र अ‍ॅस्टन व्हिलासारख्या तगड्या टीमला ३-०. थोडक्यात, फायनलपर्यंत अंगावर एकही गोल नाही.

समोर डर्बी काउंटी. आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या, जी मला स्वतःला पहिल्यांदा वाचताना खरी वाटली नव्हती. त्या सीझनच्या लीग टेबलमध्ये बेरी आठवं आणि डर्बी नववं. शेजारी शेजारी! दोघांचे पॉइंटही सारखे. कागदावर यापेक्षा बरोबरीची फायनल शोधून सापडली नसती.

तारीख १८ एप्रिल १९०३, जागा लंडनचा क्रिस्टल पॅलेस. (वेम्ब्ली तेव्हा नव्हतं, ते १९२३ चं.) प्रेक्षक ६३,१०२. हाफटाइमला स्कोअर १-०, कॅप्टन जॉर्ज रॉसचा गोल. म्हणजे पाऊण तास खेळ झाल्यावरही मॅच कुणाचीही होती. आणि मग दुसऱ्या हाफच्या पहिल्या पंधरा मिनिटांत चार गोल पडले. सॅगर, लीमिंग, वुड, प्लँट. नंतर लीमिंगने अजून एक मारला. सहा.

आता आपल्याला स्कोअर वाचायची सवय असते, मॅच वाचायची नसते. ६-० म्हटलं की डोळ्यासमोर येतं की एक टीम राक्षस आणि दुसरी लिंबूटिंबू. पण त्या दिवशी डर्बीचं काय झालं होतं बघा. त्यांचा स्टीव्ह ब्लूमर दुखापतीमुळे खेळलाच नाही. ब्लूमर म्हणजे त्या काळचा इंग्लंडचा सर्वात भारी गोल मारणारा माणूस, देशासाठी २३ मॅचमध्ये २८ गोल. त्यांचा गोलकीपर जॅक फ्रायर आधीच्या दुखापतीतून पुरता सावरलेला नव्हता, तरी उतरवला. व्हायचं तेच झालं, मॅचमध्ये त्याला पुन्हा लागलं आणि शेवटी त्याला बाहेर जावं लागलं. आणि बदली खेळाडू हा प्रकारच तेव्हा नियमात नव्हता! बाहेर गेला तो गेला. मग चार्ली मॉरिस नावाचा बॅक गोलमध्ये जाऊन उभा राहिला, आणि उरलेले दहा जण वाट लागलेली बघत राहिले. प्रॉडक्शन सर्व्हर पडलाय, ज्याला तो कळतो तो हॉस्पिटलात आहे आणि टेस्टिंगवाल्याला बसवलंय, असा प्रकार.

डर्बीवाल्यांनी यातून एक गोष्टही काढली, किंवा आधीपासून होती ती पक्की केली म्हणा. त्यांनी १८९५ साली 'बेसबॉल ग्राउंड' हे मैदान घेतलं तेव्हा तिथे राहणाऱ्या जिप्सींना हुसकावलं आणि त्यांनी शाप दिला की तुम्ही कप कधी जिंकणार नाही, अशी ती दंतकथा. १८९८ ची फायनल हरले, १८९९ ची हरले, १९०३ ला तर पानिपतच. शापाला पुरावा अजून काय हवा? १९४६ च्या फायनलआधी त्यांचा कॅप्टन जॅक निकोलस म्हणे एका जिप्सी बाईकडे गेला, तिच्या हातावर चांदीचं नाणं ठेवलं आणि उःशाप घेऊन आला. त्या वर्षी डर्बीने चार्ल्टनला ४-१ हरवून कप घेतला. माझा विश्वास नाही, पण रिलीजच्या दिवशी सर्व्हरला हळदकुंकू लावणाऱ्या क्षेत्रात काम करतो मी, तेव्हा जास्त बोलत नाही.

पण मला खरं बोलायचंय ते पैशाबद्दल.

एका गिरणीगावाला अशी टीम परवडली कशी? बेरीने त्याआधी १९०० सालीही कप जिंकला होता, साउदॅम्प्टनला ४-० हरवून. म्हणजे तुक्का नाही. याचं एक कारण त्या काळच्या नियमात आहे असं मला वाटतं. १९०१ पासून इंग्लिश फुटबॉलमध्ये खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा आली, आठवड्याला चार पौंड. मोठ्या शहरातला श्रीमंत क्लब असो की बेरी, चारच. (टेबलाखालून दिले जायचे, तो भाग वेगळा.) खेळाडूसाठी हा नियम अन्यायाचाच होता. हजारो लोक तिकीट काढून तुला बघायला येतात, पण तुझा पगार ठरलेला आणि क्लबने सोडलं नाही तर दुसरीकडे जायचीही सोय नाही. मी स्वतः तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडमध्ये अडकलेला प्राणी आहे, त्यामुळे त्या लोकांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे. १९६१ मध्ये ही मर्यादा गेली ते योग्यच झालं. पण ती होती तोवर आठव्या आणि नवव्या नंबरच्या टीम फायनलला येऊ शकायच्या आणि छोट्या गावातला चांगला खेळाडू गावातच राहण्याची शक्यता बरी होती, हेही तितकंच खरं.

आता पुन्हा २०१९ कडे या. तेव्हा सिटी लीगमध्ये ९८ पॉइंट घेऊन पहिली, वॉटफर्ड ५० पॉइंटवर अकरावं. २००८ मध्ये अबू धाबीचा पैसा सिटीत आला होता. कल्पना करा, त्या दिवशी केव्हिन डी ब्रॉयना सुरुवातीला बाकावर होता! समोरच्या टीमचा अख्खा जीव ज्याच्यासाठी गेला असता तो माणूस दुसऱ्या हाफमध्ये बदली म्हणून आला, एक गोल करून गेला. १९०३ मध्ये डर्बीचा गोलकीपर पडला तर उभं करायला माणूस नव्हता. दोन्ही ६-० च. पण पहिलं ६-० त्या दिवशी मैदानात घडलं, दुसरं बरंचसं अकाउंट्स डिपार्टमेंटमध्ये आधीच ठरलेलं होतं. वॉटफर्डवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो की ०-० असताना परेराला एक उत्तम चान्स मिळाला होता आणि एडरसनने तो अडवला. तो गेला असता तर... जाऊ दे. सहावा गोल झाल्यावरही वॉटफर्डचे लोक पिवळे झेंडे हलवत गात होते, ते दृश्य मात्र त्या मॅचमधलं मला सगळ्यात लख्ख आठवतं.

गोष्ट इथे संपली असती तर मी हे लिहिलं नसतं.

ऑगस्ट २०१९. मी नोकरीला लागलो होतो, ट्रेनिंग चालू होतं. २८ तारखेला सकाळी हिंजवडीच्या बसमध्ये अर्धवट झोपेत फोन चाळत होतो आणि बातमी दिसली. आदल्या रात्री बेरी एफ. सी. ला लीगमधून काढून टाकलं. मला दोन सेकंद कळेना की हे नाव आपल्याला कुठून माहीत. मग कळलं. तीन महिन्यांपूर्वी ज्यांच्या रेकॉर्डशी बरोबरी झाली, तेच.

झालं होतं असं की वर जायच्या नादात क्लबने ऐपतीबाहेर खर्च केला. पगारासाठी कर्ज, कर्जासाठी गिग लेन गहाण. डिसेंबर २०१८ मध्ये अख्खा क्लब विकला गेला, किंमत एक पौंड. हो, एक. कटिंग चहाला शंभर रुपये लागले असते फार तर, तेवढ्यात १३३ वर्षांचा क्लब. नव्या मालकाकडेही पैसे नव्हते. आणि कमाल बघा, खेळाडूंचे पगार थकलेले असताना त्या टीमने त्याच सीझनमध्ये चौथ्या डिव्हिजनमधून तिसऱ्यात बढती मिळवली! मैदानावर ते जिंकले होते. तिसऱ्या डिव्हिजनची एकही मॅच खेळायच्या आत कागदावर बाद झाले. १२५ वर्षं लीगमध्ये काढल्यावर.

२७ ऑगस्टला, मुदत संपायच्या दिवशी, गावातले लोक झाडू-बादल्या घेऊन गिग लेनवर साफसफाईला आले होते. एक खरेदीदार शेवटच्या क्षणी येणार होता, शनिवारी मॅच होईल, तर स्टँड स्वच्छ हवेत ना. खुर्च्या पुसल्या, गवत काढलं. दुपारी कळलं की खरेदीदाराने माघार घेतली. रात्री निर्णय.

त्या सकाळी बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्याला मी हे सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "कंपनी बुडाली म्हण की." बरोबर आहे, कागदोपत्री कंपनीच होती ती. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी परत चालू झाली नाही, तीही कागदोपत्री कंपनीच होती. आजोबा नंतर अनेक वर्षं सकाळी भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे, असं आई सांगते.

योगायोग म्हणा, पण १९०३ च्या फायनलची दुसरी टीमही त्याच वाटेवर गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये डर्बी दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली, २१ पॉइंट कापले गेले, २०२२ मध्ये खालच्या डिव्हिजनमध्ये घसरली. त्यांना त्या उन्हाळ्यात एक स्थानिक व्यावसायिक, क्लबचाच चाहता, मालक म्हणून मिळाला आणि ते वाचले. बेरीला तसा कुणी मिळाला नाही. बेरीच्या प्रकरणानंतर ओरड एवढी झाली की ब्रिटिश संसदेने जुलै २०२५ मध्ये फुटबॉल क्लबांच्या आर्थिक कारभारावर लक्ष ठेवणारा स्वतंत्र नियामक नेमायचा कायदा केला. बेरीसाठी सहा वर्षं उशिरा.

आणि बेरीचं पुढे काय? काही चाहत्यांनी २०१९ च्या डिसेंबरातच नवा क्लब काढला, दुसऱ्याच मैदानावर. काहींना जुनं मैदान आणि जुनं नाव सोडवायचं होतं. दोन गट, आपापसात जोरदार भांडणं (हे वाचताना मला अगदी घरच्यासारखं वाटलं). २०२३ मध्ये दोघे एक झाले आणि 'बेरी एफ. सी.' हे नाव गिग लेनवर परत आलं. वरून मोजलं तर नवव्या पायरीवर, जिथे समोरच्या टीममधले लोक आठवडाभर दुसरी नोकरी करून शनिवारी खेळायला येतात. तिथेही तीन-तीन हजार माणूस मॅचला यायला लागलं.

१९०३ च्या त्या कपमध्ये पाच मॅच, बारा गोल केले, खाल्ले शून्य. सिटीलाही २०१९ मध्ये हे जमलं नाही. सेमीफायनलपर्यंत येता येता त्यांनी तीन गोल खाल्ले होते. मी मोजलेत.