घरच्या ध्वनिमुद्रणात लय का हुकते?

तयार ट्रॅकवर घरच्या घरी गाणे ध्वनिमुद्रित करणाऱ्या हौशी गायकांची एक तक्रार नेहमीची असते. गाताना सारे जुळल्यासारखे वाटते, पण मुद्रण ऐकताना आवाज तालाच्या मागे रेंगाळलेला आढळतो. अनेकजण याचा दोष स्वतःच्या लयज्ञानाला देतात आणि तेच गाणे पुन्हा पुन्हा गात बसतात. प्रत्यक्षात हा दोष पुष्कळदा गळ्याचा नसून यंत्राचा असतो.

हिंदी चित्रपटातील पार्श्वगायनाचा आरंभ १९३५ सालच्या 'न्यू थिएटर्स'च्या 'धूपछाँव' या चित्रपटापासून मानला जातो. त्यानंतर अनेक दशके गायक आणि वादक एकत्रच मुद्रण करीत. गायक किंचित थांबला तर तबलावादक त्याला सांभाळून घेई. मल्टिट्रॅक तंत्रामुळे वादन आधी आणि गायन नंतर, ही पद्धत रूढ झाली. मुद्रित ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. जुळवून घेण्याची सारी जबाबदारी गायकावर येते.

विलंब कोठे होतो?

संगणक आवाजाचे नमुने एकेक करून हाताळत नाही. त्यांचा गठ्ठा साठवून तो पुढे पाठवतो. या साठ्याला 'बफर' म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने २५६ नमुन्यांच्या बफरला सुमारे ६ मिलिसेकंद, तर १,०२४ नमुन्यांच्या बफरला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. आवाज आत येताना आणि बाहेर पडताना असा दोनदा हा विलंब होतो. हवेतून एक मीटर अंतर कापण्यास ध्वनीला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे ६ मिलिसेकंदांचा विलंब तबल्यापासून दोन मीटरवर बसून गाण्यासारखाच. तो जाणवतही नाही.

ब्लूटूथ हेडफोनची गोष्ट वेगळी आहे. त्यांतील विलंब सहज १०० ते २०० मिलिसेकंदांच्या घरात जातो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते. तेव्हा २०० मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा. त्यातच गायकाचा स्वतःचा आवाज संगणकामार्गे उशिरा कानी पडला, तर बोलणे आणि गाणे दोन्ही अडखळते. हा परिणाम १९५० पासून प्रयोगांतून ज्ञात आहे. म्हणून मुद्रणासाठी वायरचा हेडफोन वापरावा. ऑडिओ इंटरफेसमध्ये 'डायरेक्ट मॉनिटरिंग'ची सोय असल्यास स्वतःचा आवाज संगणकात न फिरवता थेट ऐकावा.

दोष ओळखण्याची रीत

मुद्रण झाल्यावर गाण्याचा आरंभ, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी आवाज व ताल यांतील अंतर तपासावे. तिन्ही ठिकाणी ते सारखेच असेल, तर तो यंत्राचा स्थिर विलंब होय. संपूर्ण आवाज तेवढाच मागे सरकवला की काम होते. अंतर क्रमाक्रमाने वाढत असेल, तर ट्रॅक एका उपकरणावर वाजवून आवाज दुसऱ्यावर मुद्रित केला असण्याचा संभव असतो. दोन उपकरणांच्या घड्याळांत दहा लाखांत ५० भागांचा फरक असला, तरी पाच मिनिटांत १५ मिलिसेकंदांची तफावत पडते. अशा वेळी नुसते सरकवून भागत नाही; दोन्ही कामे एकाच उपकरणावर करणे श्रेयस्कर. अंतर कधी कमी, कधी जास्त असेल, तरच गायनाकडे वळावे.

स्थिर विलंब मोजणे सोपे आहे. मेट्रोनोमचा ठोका हेडफोनमध्ये वाजवावा, हेडफोन मायक्रोफोनला टेकवून तो मुद्रित करावा आणि मूळ ठोका व मुद्रित ठोका यांतील अंतर पडद्यावर मोजावे. 'ऑडॅसिटी'सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही भरपाई एकदा नोंदवून ठेवता येते. हेडफोन, इंटरफेस किंवा बफर बदलल्यास मोजणी पुन्हा करावी.

मुद्रित आवाज दुसऱ्या गावातील संगीत संयोजकाकडे पाठवायचा असल्यास एमपीथ्रीऐवजी वेव्ह फाइल द्यावी आणि ती ट्रॅकच्या अगदी आरंभापासून सुरू करावी. एमपीथ्री करताना फाइलच्या प्रारंभी काही मिलिसेकंदांची शांतता जोडली जाते व आवाज तेवढा सरकतो.

किती दुरुस्ती करावी?

एखादी ओळ हाताने जुळवताना व्यंजन आणि स्वर यांतील भेद ध्यानी घ्यावा. 'सा' म्हणताना 'स'चा फूत्कार मात्रेच्या आधी सुरू होतो आणि आकार मात्रेवर पडतो. पडद्यावर दिसणारा 'स'चा आरंभ मात्रेला जुळवला, तर ऐकताना शब्द उशिराच वाटतो. 'क', 'ट', 'प' यांचा आघात पडद्यावर स्पष्ट दिसतो. 'म', 'न', 'ल' यांचा आरंभ मात्र कानानेच ठरवावा लागतो.

प्रत्येक अक्षर मात्रेवर खेचून बसवण्याचा मोहही टाळलेला बरा. भावगीतात गायक एखादा शब्द जाणूनबुजून मात्रेनंतर ठेवतो आणि पुढे नेमका समेवर येतो. त्या रेंगाळण्यातच ओळीचा भाव असतो. सॉफ्टवेअरला ही लकब आणि चूक यांतला फरक कळत नाही. तो गाणाऱ्यालाच कळतो. म्हणूनच यंत्राचा विलंब आधी मोजून वजा करावा. त्यानंतर उरलेले अंतर सम साधत असेल तर त्याला हात लावू नये, आणि साधत नसेल तर संगणकाऐवजी तानपुरा व तबल्याचा ठेका लावून रियाजाला बसावे.