परवान्याचा जमाखर्च

यात्रेस निघण्यापूर्वी खर्चाचा अंदाज मांडण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. गाडीभाडे, उतरण्याची सोय, देवाचा अभिषेक, पुरोहिताची दक्षिणा, परतीचा प्रसाद आणि अडीअडचणीस म्हणून कनवटीला वेगळे बांधून ठेवलेले चार पैसे, एवढी कलमे घरातील वडीलधारी माणसे कागद हाती न घेता सांगत असत. ह्या अंदाजात एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली असे. ज्या देवाकडे निघालो त्याच्या दारापर्यंतची वाट मोकळी आहे, ती गोष्ट ही. परंतु ती वाट मोकळी करून घेण्यासाठीच आधी एखाद्या तिसऱ्या मुलुखाचा प्रवास करावा लागला, तर तो खर्च कोणत्या कलमाखाली धरावा? हा प्रश्न आज पुष्कळांपुढे उभा आहे. आणि साडेचारशे वर्षांपूर्वी तो आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर उभा होता. ह्या दोन काळांचा जमाखर्च शेजारी शेजारी मांडून पाहावा, असा आमचा ह्या लेखात विचार आहे.

प्रथम आजचा हिशेब घेऊ. ढाक्यातील एखाद्या विद्यार्थ्यास युरोपातील रुमानियासारख्या देशाच्या विद्यापीठात प्रवेश मिळतो. त्या देशाचा व्हिसा देणारी वकिलात ढाक्यात नाही, ती नवी दिल्लीत आहे. सबब युरोपच्या व्हिशासाठी त्याला आधी भारताचा व्हिसा काढावा लागतो. अशा अर्जदारांसाठी भारताने दोनदा प्रवेश देणारा व्हिशाचा एक स्वतंत्र प्रकारच ठेवला होता. कारण अर्ज देण्यास एकदा आणि पासपोर्ट परत नेण्यास पुन्हा एकदा, अशा दोन खेपा पडण्याचा संभव असे. म्हणजे विमानभाडे धरायचे ते दोन वेळचे.

त्यानंतर वकिलातीचे शुल्क. युरोपातील शेंगेन देशांच्या अल्प मुदतीच्या व्हिशाचे शुल्क जून 2024 पासून प्रौढास 90 युरो झाले. अर्ज फेटाळला गेला तरी ते परत मिळत नाही. त्या व्हिशासाठी निदान 30,000 युरोंचे आरोग्यविम्याचे संरक्षण दाखवावे लागते. त्याचा हप्ता निराळा. कागदपत्रांची भाषांतरे, त्यांवरील साक्षांकन, छायाचित्रे, हे सारे आणखी निराळे. तरीही ही कलमे मोजता येतात, आणि जे मोजता येते त्याची तरतूद करता येते. खरी पंचाईत मुक्कामाच्या दिवसांची आहे.

शेंगेन देशांच्या 2009 सालच्या व्हिसासंहितेप्रमाणे अल्प मुदतीच्या अर्जाचा निकाल 15 दिवसांत द्यावयाचा असतो; पण प्रकरणपरत्वे ती मुदत 45 दिवसांपर्यंत वाढविता येते. विद्यार्थ्यास हवा असतो तो दीर्घ वास्तव्याचा व्हिसा. तो ह्या संहितेखाली येत नाही; तो ज्या त्या देशाच्या कायद्याने चालतो आणि त्यास वेळ बहुधा अधिकच लागतो. ह्या काळात पासपोर्ट बहुधा वकिलातीत असतो, आणि परक्या शहरातील वसतिगृहाचा वा हॉटेलचा कारकून तर पहिल्या दिवशी पासपोर्टच मागतो. कारण परदेशी पाहुण्याची नोंद सरकारास कळविणे त्याच्यावर बंधनकारक आहे. म्हणून शहाण्या माणसाने पासपोर्टच्या नकला आणि वकिलातीची पावती जवळ बाळगावी, जेवणाखाण्याचा व भाड्याचा हिशेब पंधरा दिवसांचा करावा आणि तरतूद पंचेचाळीस दिवसांची ठेवावी. ज्याच्या घरी तेवढी तरतूद नाही, त्याच्यापुढे कर्ज काढणे वा प्रवेश सोडणे हेच दोन मार्ग उरतात. वकिलातीने नकार न देताही येथे नकार घडतो, ही बाब आम्ही वाचकांच्या ध्यानात आणू इच्छितो.

आता मागे वळू. 1498 साली वास्को द गामा कालिकतास आला. पुढे 1502 च्या सुमारास पोर्तुगीजांनी समुद्रावर एक नवी रीत पाडली. हिंदी महासागरात व्यापार करणाऱ्या प्रत्येक गलबतापाशी पोर्तुगीज अधिकाऱ्याने दिलेला परवाना असलाच पाहिजे. नसल्यास गलबत व माल जप्त. ह्या परवान्यास कार्ताझ म्हणत. गलबताचे नाव, नाखुदाचे नाव, आकार, शस्त्रे, कोठून कोठे जाणार, एवढे त्यात लिहिलेले असे. आणि मिरी वगैरे मसाल्याचे पदार्थ तसेच युद्धोपयोगी माल नेऊ नये, शत्रूंस वाहून नेऊ नये, अशा अटी असत. कार्ताझांच्या जुन्या नोंदी पणजीच्या पुराभिलेखागारात आजही पाहावयास मिळतात. ह्या दप्तरखान्यातील मराठ्यांविषयीची कागदपत्रे उजेडात आणण्यासाठी पांडुरंग पिसुर्लेकर ह्यांनी आपले आयुष्य वेचले, हे वाचकांस ठाऊक आहेच.

कार्ताझचे शुल्क अगदी क्षुल्लक असे. केवळ तेवढेच पाहणारा म्हणेल की, एवढ्याशा पैशांसाठी तक्रार कसली? परंतु सुरतेच्या वा खंबायतच्या व्यापाऱ्याचा जमाखर्च मांडून पाहावा. त्याला जावयाचे असे तांबड्या समुद्राकडे. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांस दिला, तेव्हाच्या तहात तांबड्या समुद्राकडील गलबतांनी वसईहून निघावे आणि परत वसईसच यावे, असे कलम होते. पुढील वर्षी पोर्तुगीजांस दीवचा किल्ला बांधू देण्यात आला, आणि मग हा फेरा दीवकडे वळला. म्हणजे स्वतःच्या बंदरातून निघालेल्या गलबताने आधी परसत्तेच्या बंदराची वाट धरावयाची, तेथे जकात भरावयाची, परतताना पुन्हा तेथेच हजर होण्याची हमी द्यावयाची, आणि मगच आपल्या मार्गास लागावयाचे. त्या मुक्कामात खलाशांचा पगार चालू, शिधा सरत चाललेला, आणि वर मोसमी वाऱ्याची धास्ती. वाऱ्याचा हंगाम चुकला की वर्ष बुडाले. कार्ताझच्या कागदावर ह्यातील एकही रक्कम लिहिलेली नसे. जी खरी किंमत ती कागदाबाहेरच राही.

ही किंमत राजघराण्यासही चुकली नाही. अकबराची आत्या गुलबदन बेगम, बाबराची कन्या व ‘हुमायूननामा’ची लेखिका, 1575 साली फत्तेपूर शिक्रीहून मक्केच्या यात्रेस निघाली. तिच्याबरोबर राजघराण्यातील अनेक स्त्रिया होत्या. गुजरात अकबराने दोन-तीन वर्षांपूर्वीच जिंकला होता, तेव्हा सुरत हे तिच्या भाच्याचेच बंदर. तरी त्या बंदरात परसत्तेच्या परवान्याची वाट पाहत ह्या मंडळींस सुमारे वर्षभर थांबावे लागले आणि 1576 च्या अखेरीस त्यांचे गलबत हाकारले गेले. परवान्यासाठी दमणजवळील बलसाड पोर्तुगीजांस द्यावे लागले, आणि पुढे ते परत घेण्याची वेळ आली तेव्हा दमणच्या हद्दीवर तंटा माजला. एका यात्रेच्या परवान्यापायी एक गाव! बादशहाच्या आत्याचा हा हिशेब असेल, तर त्याच सुरतेच्या धक्क्यावर गाठोडे घेऊन बसलेल्या सामान्य यात्रेकरूचा हिशेब काय असेल, ह्याची कल्पनाच करावी.

यात्रेकरूच्या जमाखर्चात पैशांखेरीज आणखी एक कलम असते, ते त्याच्या मनाचे. बदायुनीने नोंदविले आहे की, अकबराच्या दरबारातील मखदूम-उल-मुल्क ह्या धर्मशास्त्र्याने त्या काळी यात्रा बंधनकारक राहिली नाही, असा निर्णय दिला. खुष्कीच्या मार्गात इराणच्या शियांचा उपद्रव आणि समुद्रमार्गात येशू व मरियम ह्यांची चित्रे असलेले परवाने बाळगण्याची नामुष्की, अशी त्याची कारणे होती. ह्या शास्त्र्याच्या हेतूविषयी बदायुनीचे मत चांगले नव्हते, ते असो. परंतु आपल्या देवाकडे जाताना दुसऱ्याच्या देवाचा शिक्का खिशात वागवावा लागणे म्हणजे काय, हे ज्यांच्या पूर्वजांनी आपली दैवते रातोरात नदीपार अंत्रुजात हलविली, त्यांस आम्ही समजावून सांगावे असे नाही.

एवढी किंमत मोजून जे विकत घ्यावयाचे, ते तरी भरवशाचे होते काय? 1613 साली सुरतेनजीक ‘रहिमी’ नावाचे मोठे गलबत पोर्तुगीजांनी पकडले. ते जहांगीर बादशहाच्या मातोश्रींच्या मालकीचे होते. त्यावर सुमारे सातशे माणसे होती. आणि त्याच्यापाशी कार्ताझही होता. इंग्रजांस सुरतेत पाय रोवू दिल्याचा राग पोर्तुगीजांनी ह्या गलबतावर काढला. जहांगीरने दमणवर सैन्य धाडले, पोर्तुगीजांची मालमत्ता अटकावली, आणि 1615 साली तह होईपर्यंत हे प्रकरण धुमसत राहिले. वकिलाच्या दृष्टीने पाहिले तर येथे करारभंग झाला. परवाना म्हणजे देणाऱ्याने घातलेली अट, एवढाच अर्थ पोर्तुगीजांनी धरला. परवाना म्हणजे देणाऱ्यानेही दिलेले वचन, हा दुसरा अर्धा अर्थ त्यांनी सोडून दिला.

समुद्रावर असा हक्क कोणास असू शकतो काय, ह्याचा वाद त्याच सुमारास युरोपात पेटला. डच पंडित ह्यूगो ग्रोशियस ह्याने 1609 साली समुद्र सर्वांस मोकळा आहे असे प्रतिपादणारा आपला सुप्रसिद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि 1625 साली सेराफिम द फ्रेइतास ह्या पोर्तुगीज पंडिताने त्यास उत्तर दिले. पण ग्रोशियस हा डच कंपनीचा कैवारी होता हे विसरता कामा नये. समुद्र मोकळा असावा असे म्हणणाऱ्यांनी हाती बळ येताच आपापले परवाने सुरू केले. आपल्याकडे सरखेल कान्होजी आंग्रे ह्यांनीही दस्तके दिली, आणि जे इंग्रज इतरांस परवाने देत तेच आंग्र्यांचे दस्तक मानावयास तयार होईनात. 1721 साली इंग्रज व पोर्तुगीज ह्यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली, ती फसली. परवाना देण्याचा अधिकार ज्याला आपला वाटतो, त्याला दुसऱ्याचा तोच अधिकार चाचेगिरी वाटतो, एवढे ह्या इतिहासावरून दिसते.

मराठेशाहीच्या दप्तरात अशा अभयपत्रासाठी आणखी एक शब्द येतो, तो ‘कौल’. हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थ वचन. आपल्या देवळांतून आजही देवास कौल लावतात. त्या कौलाकडे भाविक केवळ परवानगी म्हणून पाहत नाही. कौल मिळाला म्हणजे देवाने पाठीशी राहण्याचा शब्द दिला, अशी त्याची श्रद्धा असते. राज्याच्या कौलातही हाच भाव होता. कौल घेऊन आलेल्या वाण्याउदम्यास उपसर्ग झाला, तर उणेपणा कौल देणाऱ्याकडे येई.

गोमंतकीयांस परवान्याचा अनुभव ह्याहून बराच जवळचा आहे. 1953 साली भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. 1954 पासून गोव्याच्या सरहद्दीवर ये-जा करण्यावर निर्बंध आले. 1955 साली दिल्लीतील पोर्तुगीज वकिलात आणि पणजीतील भारतीय वकिलात ह्या दोन्हींची दारे मिटली, आगगाडीचा दुवा तुटला, आणि उभय देशांचे एकमेकांच्या मुलुखातील हितसंबंध अनुक्रमे ब्राझील आणि इजिप्त ह्या तिऱ्हाईत देशांकडे सोपविले गेले. मुंबईत पोट भरणाऱ्या आणि कुलदैवत फोंड्याकडे असणाऱ्या माणसास आपल्याच देवाच्या जत्रेस जाणे हा परराष्ट्रखात्याचा विषय झाला. त्या धोरणामागील राष्ट्रीय कारण न्याय्य होते, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. 19 डिसेंबर 1961 रोजी त्याची सांगता झाली. तरी त्या वर्षांत ज्या घरातील मुलाला आईच्या अखेरच्या दिवसांत वेळेवर पोहोचता आले नाही, त्या घराच्या जमाखर्चात ती रक्कम न्याय्य कारणासाठी खर्ची पडली म्हणून लहान होत नाही.

म्हणून आम्ही पुन्हा ढाक्यातील त्या विद्यार्थ्याकडे येतो. ऑगस्ट 2024 मधील तेथील सत्तांतरानंतर भारताने बांगलादेशीयांस व्हिसा देण्याचे काम फार मर्यादित केले. डिसेंबर 2024 मध्ये तेथील अंतरिम सरकारचे प्रमुख मुहम्मद युनुस ह्यांनी युरोपीय देशांच्या राजदूतांस विनंती केली की, आपली व्हिसा केंद्रे दिल्लीहून ढाक्यात किंवा दुसऱ्या एखाद्या शेजारी देशात हलवावीत. बल्गेरियाने आपले काम इंडोनेशिया व व्हिएतनामकडे नेल्याचे त्यांनी त्या प्रसंगी सांगितले. दिल्लीचा अंदाज मांडून बसलेल्या कुटुंबास हनोईचा अंदाज नव्याने मांडावा लागणार, असा ह्याचा अर्थ.

ह्या कथेतील शेजारचा देश म्हणजे आपण आहोत. दीवच्या जागी दिल्ली आहे. आपल्या देशात कोणास येऊ द्यावे हे ठरविण्याचा आपला अधिकार निर्विवाद आहे, आणि सुरक्षिततेची कारणे खरीही असू शकतात. परंतु जेथे तिसऱ्या देशाचे दार आपल्याच अंगणातून उघडते, तेथे आपला नकार दोन नकारांचे काम करतो, हे अधिकार वापरणाऱ्याने जाणून असावे. उपाय दुर्लभ नाहीत. एका शेंगेन देशाने दुसऱ्याच्या वतीने अल्प मुदतीचे अर्ज स्वीकारावेत, अशी सोय त्यांच्या संहितेतच आहे, आणि ढाक्यातील स्वीडिश वकिलातीने काही देशांसाठी हे काम केलेलेही आहे. हीच सोय विद्यार्थ्यांच्या दीर्घ मुदतीच्या व्हिशास लागू करता येईल. वर्षातून ठराविक दिवशी वकिलातीचा अधिकारी अर्जदारांच्या शहरात जाऊन बसू शकेल. आणि तोवर, ज्याच्या हाती दिल्लीतील वकिलातीने दिलेली तारीख आहे, त्याला तेवढ्या कामापुरता प्रवेश आपण देऊ शकतो.

सुरतेत अडकलेल्या यात्रेकरूंचा खर्च कार्ताझ देणाऱ्याच्या वहीत कधीच चढला नाही. आपल्या वहीत तरी ते कलम असावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.