राष्ट्रीय मैदानी स्पर्धा : सैन्यात गेल्यावर धावू लागला, ३७ वर्षांचा विक्रम मोडला

पुलगाव : देशात वरिष्ठ गटाच्या मोठ्या मैदानी स्पर्धा तीन : फेडरेशन कप, आंतरराज्य आणि राष्ट्रीय खुली. आंतरराज्यला खेळाडू आपापल्या राज्याकडून उतरतो. खुल्या स्पर्धेत सेनादल, रेल्वे यांचेही संघ असतात.

सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरच्या खुल्या स्पर्धेत सेनादलाच्या अविनाश साबळेने ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे २९.८० सेकंदांत काढली. गोपाल सैनी यांचा १९८१ चा ८:३०.८८ हा विक्रम मोडला. शर्यत मोठी अवघड. २८ अडथळे, वरून ७ वेळा पाण्याची उडी. हर्डल्सचा अडथळा धक्का लागला की पडतो. इथला पडत नाही, माणूसच पडतो.

साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा, शेतकऱ्याचा पोरगा. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला आणि २०१५ ला तिथल्याच क्रॉसकंट्रीतून धावपटू झाला. पुलगावला डेपोमुळे सैन्य काही परकं नाही. भरतीसाठी १६०० मीटरचा सराव करणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं : भरती झाली म्हणजे धावणं संपलं असं नाही.

पुढे २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८:११.२० वेळेत रौप्य घेतलं. सुवर्ण हुकलं ते फक्त ०.०५ सेकंदानं.